रीडिंग नाही तिथं रेघ नाही

कोथरूड, रविवार रात्र

मन्या,

चार महिने एक ओळ लिहिली नाही, तुझे फोनही उचलले नाहीत, शिव्या घालायच्या तर घाल. तब्येत ठीक, आईचा गुडघा तसाच. पण शुक्रवारी जे झालं ते तुलाच सांगायचंय, बाकी कुणाला कळायचं नाही.

आमचं ते पावसाच्या डेटाचं टूल चालूये ना, नकाशावर रोजचा पाऊस रंगांत दाखवायचा. दोन आठवड्यांचा स्प्रिंट, म्हणजे कामाचा एक छोटा टप्पा, शेवटच्या शुक्रवारी डेमो. यावेळी पहिल्यांदाच मॅडम, ज्यांच्यासाठी हे टूल बनतंय त्या, स्वतः आल्या. मी जुलैचा एक दिवस लावला. सगळा घाट गडद निळा आणि मधे एक पांढरा ठिपका. मॅडम उठल्या, स्क्रीनजवळ गेल्या, ठिपक्यावर बोट ठेवलं, "जुलैत ताम्हिणी कोरडी?"

हातपाय गार पडले रे माझे. बाप्याच्या बाइकवर आपण तिथंच काकडलो होतो ना, तुझा चष्मा वाहून गेला तेव्हा!

झालं असं की त्या दिवशी तिथली नोंदच आली नव्हती. नोंद नसली की फाइलमध्ये -९९९ असतं. पहिल्या स्प्रिंटला त्या -९९९मुळे रंगांची पट्टी इतकी ताणली जायची की सगळा नकाशा एकाच रंगाचा, डेमो तासाभरावर आलेला, म्हणून मी एका ओळीत त्याचं शून्य करून टाकलं. नंतर नीट करू म्हणून बॅकलॉगमध्ये, म्हणजे उरलेल्या कामांच्या यादीत टाकलं ते पाच स्प्रिंट तळाशीच. तोवर टूल सांगत राहिलं की पाऊस पडलाच नाही, जिल्ह्याची सरासरीही त्यातूनच निघत होती. आणि त्यातला एक नकाशा मॅडमच्या विद्यार्थ्याच्या थीसिसमध्ये गेलाय.

फायनल इयरला तू ग्राफची रेघ मधेच तोडलेली, "रीडिंग नाही तिथं रेघ नाही" म्हणून, मी ती जोडली आणि तू आठ दिवस बोलला नव्हतास. मन्या हेकट आहे असं मी होस्टेलभर सांगत सुटलो. तू बरोबर होतास.

ॲजाइलला, म्हणजे या छोट्या टप्प्यांत काम दाखवत जायच्या पद्धतीला, नावं ठेवू नको, तू ठेवशील म्हणून आधीच सांगतो. २००१च्या ॲजाइलच्या जाहीरनाम्यातलं चालणाऱ्या सॉफ्टवेअरचं मोल मला अजूनही पटतं, सहा महिन्यांनी एकदम दाखवलं असतं तर अजून किती नकाशे बाहेर गेले असते. पण ग्राहकाबरोबर मिळून काम करा हेही त्यातच आहे, आणि आम्ही डेमो द्यायचो आमच्याच मॅनेजरला. नकाशा देखणा दिसला की स्टोरी, म्हणजे यादीतलं ते काम, डन. ताम्हिणीचा पाऊस त्याला कुठून कळणार?

उद्या मांडणार आहे, दर डेमोला मॅडमच्या टीममधलं कुणीतरी हवंच. आणि चार-पाच केंद्रांचा छोटा डेटा ठेवायचा, हाताने ताळा करता येईल असा, एक नोंद मुद्दाम गाळलेली, तिथं नकाशात 'नोंद नाही'चा राखाडी रंग आल्याशिवाय डन म्हणायचं नाही. वेग कमी होईल म्हणतील, होऊ दे.

नवीन घर लागलं का? छोटीची शाळा? वहिनींना नमस्कार.

त्या पोराचं सबमिशन पुढच्या आठवड्यात आहे, उद्या सकाळी मीच त्याला फोन करणार. त्याआधी तू मला कर.

तुझा,
विन्या