इंदूर–बडोदा विमानप्रवास: अंतर बरोबर, वेळ चुकीचा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सुट्ट्या जवळ आल्या की विमानतळांमधल्या अंतराचे तक्ते फिरू लागतात. त्यात इंदूर–बडोदा 268 किलोमीटर, वेळ अर्धा तास, असे दिलेले असते. अंतर बरोबर आहे, पण त्या वेळेवर विसंबून कुणी पुढची गाडी गाठायचे ठरवू नये.

268 ही दोन विमानतळांमधली सरळ रेषा आहे. तिला ताशी 500 ने भागले की अर्धा तास निघतो. एटीआरसारखे पंख्याचे विमान हा वेग पकडते ते वर पोचल्यावर. चढताना-उतरताना तो बराच कमी असतो. शिवाय वेळापत्रकातला वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पलीकडे उभे राहीपर्यंतचा असतो. म्हणून एक तास धरावा. बडोद्याची धावपट्टी ईशान्य-नैर्ऋत्य आहे आणि उतरताना वारा समोरून घ्यावा लागतो. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा असला की इंदूरकडून येणारे विमान थोडे वळून उतरते. हिवाळ्यात वारा ईशान्येचा असला, तर शहराला वळसा घालून पलीकडून यावे लागते, त्यात आणखी काही मिनिटे जातात.

काही ठिकाणी हेच अंतर 145 दिसते. ते सागरी मैल आहेत, एक म्हणजे 1.852 किलोमीटर. साधे मैल समजून हिशेब केला तर 233 किलोमीटर येतात, म्हणजे 35 किलोमीटरची चूक.

खरा घोळ थेट विमान नसते तेव्हा होतो. मुंबईमार्गे इंदूर–मुंबई सुमारे 505 आणि मुंबई–बडोदा सुमारे 360 किलोमीटर, म्हणजे सरळ अंतराच्या तिपटीहून जास्त. सामानाचा काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो, म्हणून दीड तास आधी पोचायचे. मध्ये मुंबईत निदान दोन तास. घरापासून घरापर्यंत सात-आठ तास सहज जातात. धार, झाबुआ, दाहोद, गोधरामार्गे मोटारीलाही जवळपास तेवढेच लागतात. रस्त्याने अंतर साडेतीनशेच्या आसपास भरते, कारण माळव्याचे पठार उतरून गुजरातच्या सपाटीवर जायचे असते. इंदूरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून 564 मीटरवर आहे, बडोद्याचा जेमतेम 40 मीटरवर. वाटेतल्या माछलिया घाटात ट्रक अडकला तर सगळाच अंदाज कोलमडतो.

इंदूर–ग्वाल्हेरचे गणित वेगळे आहे. हवाई अंतर सुमारे 466 किलोमीटर, आणि आग्रा-मुंबई रस्ता बऱ्यापैकी सरळ असल्याने मोटारीचे अंतर त्याहून फारसे जास्त नाही. तरी मोटारीत अख्खा दिवस मोडतो, त्यामुळे थेट विमान असेल तर तेच घ्यावे. मात्र डिसेंबर-जानेवारीत धुक्यामुळे सकाळचे विमान रखडू शकते. त्या दिवसांत दुपारचे तिकीट बरे.

आपल्या वृत्तपत्राने असा तक्ता छापताना हवाई अंतरासोबत रस्त्याचे अंतर, वेळापत्रकातला वेळ आणि थेट विमान आठवड्यातून कोणत्या वारी आहे, एवढे अवश्य द्यावे. वार तर नक्कीच, कारण वयस्कर माणसांची तिकिटे मुले दुसऱ्या गावाहून काढतात आणि ती फक्त किलोमीटर पाहून काढतात.

आपला,
एक वाचक, इंदूर