आमच्या केंद्रप्रमुख बाईंना, ‘कसं केलंस?’ विचारायला शिकवल्याबद्दल

आदरणीय बाई,

सा. न. वि. वि.

केंद्रप्रमुख म्हणून आपण आमच्या केंद्रातल्या सगळ्या शाळांना भेटी देऊन मार्गदर्शन करायचात. आपल्या निरोप समारंभात शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली, आणि मला जे सांगायचं होतं ते राहून गेलं. आता सर्वांसमोरच लिहिते आहे. आपण मला शिकवलंत ते माझ्यासारख्या आणखी शिक्षकांच्या उपयोगाचं आहे.

जावळी तालुक्यातल्या आमच्या द्विशिक्षकी शाळेत तिसरी-चौथी माझ्याकडे आली, तेव्हा सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन, म्हणजे मुलाची प्रगती वर्षभर सर्व बाजूंनी पाहत राहणं, मला कागदावर माहीत होतं. त्याबद्दलचा २० ऑगस्ट २०१० चा शासन निर्णय डी.एड.ला पाठ केला होता. आकारिक, म्हणजे शिकवता शिकवता करायच्या, मूल्यमापनाची आठ साधनतंत्रं क्रमाने म्हणता येत होती: दैनंदिन निरीक्षण, तोंडीकाम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय आणि इतर. तिसरी-चौथीला आकारिक ६० टक्के, संकलित, म्हणजे सत्राअखेरचं, ४० टक्के. पण समोर बसलेल्या मुलाला नेमकं काय येतं ते सोमवारी सकाळी कसं ओळखायचं, हे मला आपण दाखवलंत.

त्या शाळाभेटीत आपण खुर्ची घेतली नाहीत, मुलांत बसलात. दोन वह्यांत एकच गणित चुकलं होतं, ५२ वजा २७. एकीचं उत्तर ३५, दुसऱ्याचं २६. आपण दोघांना एवढंच विचारलंत, “कसं केलंस, मला सांगतोस का?” मुलगी म्हणाली, दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन काढले. मुलगा बोटांवर उलटं मोजत होता आणि पहिलं बोट ५२ म्हणतानाच मिटत होता. गुण द्यायचे तर दोघांनाही शून्य. मदत मात्र पूर्ण वेगळी. तिला काड्यांची जुडी सोडून दशक सुटा करायला दिलात. त्याला संख्यारेषेवर उडी मारल्यावरच ‘एक’ म्हणायला लावलंत. तासाभरात दोघंही पुढच्या गणितावर होती. तोंडीकाम या शब्दाचा अर्थ मला त्या दिवशी उलगडला.

मग पाट्या. आपण म्हणालात, प्रश्न विचारला की हात वर करणारी तीच चार मुलं उत्तर देतात आणि आपल्याला वाटतं वर्गाला आलं. म्हणून उत्तर सगळ्यांनी पाटीवर लिहायचं, टाळी वाजली की एकदम पाट्या वर. अठरा पाट्या एका नजरेत दिसतात. निम्म्यांहून जास्त चुकल्या तर पुढे जायचं नाही, वेगळ्या पद्धतीने पुन्हा शिकवायचं. दोन-तीनच चुकल्या तर त्या मुलांना जवळ घ्यायचं. याला एक पैसाही लागत नाही. मी हे आजही रोज करते आणि कुठलीही छापील चाचणी मला इतक्या लवकर इतकं सांगत नाही.

निरीक्षणाच्या नोंदीचंही तसंच. रोज तीनच मुलं, असं आपण ठरवून दिलंत. सोमवार ते शनिवार अठरा मुलं होतात. त्या दिवशी त्या तिघांकडे मुद्दाम पाहायचं: गटात कोण बोलतं, कोण दुसऱ्याचं बघून लिहितं, वाचताना कुठे अडखळतं. बाजारात वर्णनात्मक नोंदींची तयार पुस्तकं मिळतात. ‘गणितीय क्रिया अचूक करते’ हे वाक्य कुठल्याही मुलीला लागू पडतं आणि पुढच्या वर्षीच्या शिक्षकाला काहीच सांगत नाही. आपण लिहायला लावलंत ते असं: ‘हातच्याची बेरीज जमते. वजाबाकीत दशक सुटा करायला विसरते, काड्या दिल्या की आठवतं.’

शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, पाचवी-सहावीच्या शिक्षकांना आपण बहुपर्यायी प्रश्न करायला शिकवलंत, तेही मी कान देऊन ऐकलं. चुकीचे पर्याय उगाच भरायचे नाहीत, मुलं जिथे चुकतात तिथलेच घ्यायचे. ०.५ आणि ०.४५ यांत मोठी संख्या कोणती? ०.४५ निवडणारं मूल पाचापेक्षा पंचेचाळीस मोठे असं धरतंय, हे त्या एका खुणेवरून कळतं.

मुलांनी एकमेकांचं लेखन तपासायचं, हे मला सुरुवातीला पटलं नव्हतं. चिडवाचिडवी होईल अशी भीती होती. आपण नियम घालून दिलात: एक आवडलेलं वाक्य सांगायचं आणि एक प्रश्न विचारायचा. चौथीतल्या एका मुलाने जत्रेवर पाच ओळी लिहिल्या होत्या. मैत्रिणीने विचारलं, “पाळण्यात बसल्यावर काय दिसलं?” तो जागेवर गेला आणि पान भरून घेऊन आला. माझ्या लाल शाईने हे होत नाही.

प्रकल्पाबद्दल थोडंच लिहिते: घरच्यांनी सजवलेल्या फायलीपेक्षा मुलाला दोन प्रश्न विचारा, हे आपलं म्हणणं मी पाळते.

पालकसभेत ‘किती मार्क पडले?’ हा प्रश्न अजून येतोच. मी आपल्यासारखीच जूनची आणि दिवाळीपूर्वीची वही शेजारी शेजारी उघडून ठेवते. मजुरीवर जाणाऱ्या आया अक्षरावरून, रेघांवरून फरक ओळखतात आणि मग स्वतःच विचारतात, घरी काय करून घेऊ?

२०२३ मध्ये पाचवी-आठवीच्या वार्षिक परीक्षेचा निर्णय झाला, तेव्हापासून पुन्हा सगळं बोलणं परीक्षेभोवती फिरतं आहे. परीक्षेला माझा विरोध नाही. पण एप्रिलमध्ये कळलेली चूक आधीच, जुलैमध्ये, सुधारता आली असती, हे ठामपणे म्हणण्याचं बळ मला आपल्यामुळे आलं.

बाई, मनापासून आभार. आणि एक विनंती: आमच्या केंद्रात नवीन शिक्षक रुजू झाले आहेत. पुढच्या शिक्षण परिषदेला आपण पाहुण्या म्हणून याल का? वह्या आम्ही घेऊन येतो. आपण फक्त मुलांना विचारता तसं आम्हालाही विचारा.

आपली नम्र,
जावळीतली एक प्राथमिक शिक्षिका