मक्याला शेजार लागतो

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत कुंडीतल्या मक्यावर लेख आला आणि आमच्या आळीतल्या बायका लगेच रिकाम्या कुंड्या शोधायला लागल्या. गॅलरीच्या कठड्याशी एका ओळीत कुंड्या, प्रत्येकीत मक्याचं एकच ताट म्हणजे रोप, असा फोटोही होता. फोटो देखणा आहे, पण त्या ताटांना भरलेलं कणीस धरणं कठीण.

माझं माहेर शेतकऱ्याचं, इथे कराडला परसदारी दोन वाफे, आणि नोकरी शाळेत जीवशास्त्र शिकवण्यात गेली. त्यामुळे गप्प बसवेना.

मक्याचं नरफूल म्हणजे शेंड्यावरचा तुरा. मादीफुलं खाली कणसात. कणसाच्या टोकाला जे ओलसर केस लोंबतात, त्यातला एकेक केस आतल्या एकेका दाण्याचा. ज्या केसावर पराग पडला नाही, त्याची जागा रिकामी. मग कणीस सोलावं तर आजोबांचं बोळकं! हे काम वाऱ्याचं. मधमाशा तुऱ्यावर येतात, पराग गोळा करतात, पण कणसाकडे ढुंकूनही बघत नाहीत. त्यात तुरा बहुधा केसांच्या दोन-तीन दिवस आधीच झडू लागतो, म्हणून एकट्या ताटाचं स्वतःच्या परागावर भागत नाही.

तेव्हा लांबच लांब ओळ नको, चौकोन करा. चार ओळी, प्रत्येकीत चार-पाच ताटं. दोन ओळींत दोन फूट, दोन ताटांत साधारण पाऊण फूट. गुडघाभर झाली की बुंध्याशी मातीची भर द्या, नाहीतर पहिल्या वादळी पावसात आडवी. गॅलरीच असेल तर मोठ्या पिशव्या एकमेकींना चिकटवून ठेवा आणि केस बाहेर आले की रोज सकाळी दव सुकल्यावर तुरा कागदावर झटकून ती पिवळी भुकटी केसांवर भुरभुरवा.

बियाणं घेतानाही जपा. बाजारातल्या स्वीट कॉर्नचे दाणे कोवळेपणी तोडलेले असतात, ते रुजत नाहीत. दुकानात नुसतं ‘मका द्या’ म्हटलं तर ‘आफ्रिकन टॉल’ हातात पडायचा. तो वैरणीचा, माणसाच्या डोक्यावरून जातो. बियाणं गुलाबी दिसलं तर ते औषध लावलेलं असतं, नातवंडांच्या हाती देऊ नका.

आणि मका खाणाऱ्या लष्करी अळीबद्दल लेखात अवाक्षर नाही! २०१८ साली ती कर्नाटकात पहिल्यांदा दिसली, त्याच वर्षी आपल्याकडे आली. परसबागेलाही ती सोडत नाही. पानांवर ओळीने भोकं आणि पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत, लाकडाच्या भुशासारखी ओली घाण दिसली की समजावं, बाईसाहेब आत आहेत. डोक्यावर उलटा इंग्रजी वाय, शेपटीकडे चौकोनात चार ठिपके. चार ताटांसाठी फवारणी कशाला? सकाळी पोंगा उघडून वेचायची, पानावरचे अंड्यांचे पुंजके चिरडायचे, पोंग्यात चिमूटभर कोरडी वाळू टाकायची.

मृगाचा पाऊस पडायच्या आत पुरवणीत एवढी दुरुस्ती छापावी, कारण आमच्या आळीत कुंड्या भरून तयार आहेत.

— एक निवृत्त शिक्षिका, कराड