मूल फाडफाड बोलतं, म्हणून परीक्षेची घाई नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दोन भाषा बोलत वाढलेल्या मुलांनी वरच्या पातळीची भाषापरीक्षा कधी द्यावी, यावर आपल्याकडे येणाऱ्या वाचकांच्या पत्रांत ‘जितक्या लवकर तितकं बरं’ असा सूर दिसतो. मी फ्रेंच शिकवते. आई किंवा वडील घरी फ्रेंच बोलतात आणि शाळा मात्र दुसऱ्याच भाषेत, अशी मुलं माझ्या वर्गात नेहमी असतात. त्यांच्या पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: “बोलते तर फाडफाड, मग डाल्फला बसवू या ना?” मुलगी तेव्हा तेरा वर्षांची असते. मला या घाईची मनापासून काळजी वाटते, म्हणून हे पत्र.

डाल्फ ही फ्रेंचच्या सी-१ आणि सी-२ या सर्वांत वरच्या दोन पातळ्यांची परीक्षा. युरोप परिषदेने २००१ मध्ये ए-१ ते सी-२ अशी सहा पातळ्यांची चौकट प्रसिद्ध केली, तिच्यातल्या या पातळ्या. सी-१च्या लेखी भागात काय करावं लागतं, ते पालकांनी एकदा तरी पाहावं. एकाच विषयावरचे दोन-तीन लेख, मिळून साधारण हजार शब्दांचे, वाचायचे. त्यांचा सुमारे २२० शब्दांत एकत्रित गोषवारा लिहायचा. मग त्याच विषयाला धरून सुमारे २५० शब्दांचा मुद्देसूद निबंध. वेळ अडीच तास. गोषवाऱ्यात स्वतःचं मत येता कामा नये आणि मूळ लेखातली वाक्यं जशीच्या तशी उचलायची नाहीत. तोंडी परीक्षेतही आधी दिलेले लेख वाचून तासाभरात तयारी करायची, आठ-दहा मिनिटं सलग मांडणी करायची आणि मग परीक्षकांच्या प्रश्नांना तोंड द्यायचं.

माझ्याकडे एक मुलगी होती. आजीशी फ्रेंचमधून वाद घालायची, चेष्टामस्करी करायची, उच्चारात कुठे बोट ठेवायला जागा नाही. तिला मी घरून काम करण्याच्या पद्धतीवरचे दोन लेख दिले. गोषवाऱ्याच्या दुसऱ्याच ओळीत तिने स्वतःचं मत ठोकून दिलं आणि पुढे एका लेखाला पूर्ण विसरून गेली. मग मी तिला तेच काम तिच्या शाळेच्या भाषेत करायला सांगितलं. निकाल तोच. म्हणजे अडचण फ्रेंचची नव्हतीच. दोन लेखकांचं कुठे पटतं, कुठे बिनसतं, हे स्वतःला बाजूला ठेवून सांगायचं, हे तिला अजून कुठल्याच भाषेत जमत नव्हतं. तेराव्या वर्षी ते जमावं अशी अपेक्षा तरी का करावी?

तेव्हापासून मी प्रत्येक पालकाला हीच चाचणी सुचवते. मूल ज्या भाषेत शाळा शिकतं, त्या भाषेतले वर्तमानपत्रातले दोन लेख घ्या आणि हाच गोषवारा त्याला लिहायला सांगा. तिथे जमत नसेल, तर घरच्या भाषेतली सी-१ आणखी वर्ष-दोन वर्षं थांबू द्या. तिथे जमत असेल आणि फक्त घरच्या भाषेत अडत असेल, तर मात्र आता अभ्यासाला लागायची वेळ झाली.

घरात कानाने शिकलेल्या भाषेच्या काही गोष्टी लेखनात हमखास उघड्या पडतात. फ्रेंच क्रियापदांची अनेक रूपं ऐकायला अगदी सारखी आणि लिहायला वेगळी असतात. त्यामुळे बोलताना एकही चूक न करणारं मूल कागदावर ओळीओळीला घसरतं. दुसरं म्हणजे घरातली भाषा सगळी अरे-तुरेची. परीक्षकाशी अहो-जाहो करत, वाक्य पूर्ण करत, मुद्द्याला मुद्दा जोडत बोलायचं, हा सरावच त्या मुलांना झालेला नसतो. यात मुलांचा किंवा घराचा काही दोष नाही. जेवताना कोण कुणाशी मुद्देसूद बोलतं? कॅनडातले भाषाशिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये रोजच्या संभाषणाची भाषा आणि अभ्यासाची भाषा यांत स्पष्ट फरक केला. परक्या देशात जाऊन नव्या भाषेत शाळा शिकणाऱ्या मुलांना पहिली साधारण दोन वर्षांत येते, तर दुसरीत समवयस्कांच्या बरोबरीला यायला पाच ते सात वर्षं लागतात, असं त्यांनी दाखवलं. आपल्या मुलांना पहिली आयती मिळाली आहे. दुसरी त्यांनाही कमवावी लागते, आणि ती वाचनातून येते. सी-१च्या लगेच खालच्या बी-२ पातळीनंतर निदान वर्षभर तरी लेख, अग्रलेख, परीक्षणं असं गंभीर वाचन व्हावं, असा माझा आग्रह असतो.

परीक्षा घेणाऱ्या संस्थांनीही हे ओळखलेलं आहे. डाल्फच्या खालच्या, ए-१ ते बी-२ पातळ्यांच्या फ्रेंच परीक्षेला डेल्फ म्हणतात. शाळकरी मुलांसाठी डेल्फची वेगळी आवृत्ती आहे, पण ती बी-२ला थांबते. डाल्फ सगळ्यांना एकच, मोठ्यांच्या विषयांची. जर्मनसाठी गोएथे इन्स्टिट्यूट सी-१ सोळा वर्षांपासून पुढे आणि सी-२ अठरापासून पुढे सुचवतं. सी-२बद्दल तर मी स्पष्टच सांगते: शाळेत असताना तिचा विचारही करू नये. ‘घरची भाषा म्हणजे सी-२ असणारच’ हा समज चुकीचा आहे. जन्मापासून ती भाषा बोलणारे कित्येक मोठेसुद्धा तयारीशिवाय त्या प्रश्नपत्रिकेला पुरे पडणार नाहीत.

प्रत्येक परीक्षेचं गणित मात्र सारखं नाही. जपानीच्या जेएलपीटी या परीक्षेत सर्वांत वरच्या एन-१ पातळीलाही निबंध नाही आणि तोंडी परीक्षा नाही. वाचायचं, ऐकायचं आणि पर्याय निवडायचा. वाचनाची गोडी असलेलं आणि कांजी (जपानीतली चिनी चित्राक्षरं) पक्क्या असलेलं मूल तिथे लवकर बसलं, तर मी अडवणार नाही.

आता थांबण्याचीही हद्द असते. सोळा-सतराव्या वर्षानंतर शाळेचं शेवटचं वर्ष अंगावर येतं, मग मूल घराबाहेर पडतं आणि घरची भाषा फोनवरच्या चार वाक्यांपुरती उरते. म्हणून शेवटच्या वर्षाच्या आधीचं वर्ष मला बहुतेकांसाठी योग्य वाटतं. याला एक मोठा अपवाद आहे आणि त्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. जे मूल चौदा वर्षांपर्यंत जर्मन शाळेत शिकलं आणि मग पालकांच्या बदलीमुळे दुसऱ्या देशात, दुसऱ्या भाषेच्या शाळेत गेलं, त्याने अजिबात थांबू नये. त्याचं लिखाण आज सर्वांत चांगलं आहे, आणि वापर तुटला की लिखाणच आधी गंजतं. त्याने बी-२ तरी लगेच देऊन टाकावी. सी-१ला बसण्यापूर्वी ती दिलेलीच असली पाहिजे असा नियम नाही, पण हातात काही तरी पक्कं राहतं.

प्रमाणपत्र किती काळ चालतं, हेही आधी बघावं. डेल्फ, डाल्फ आणि स्पॅनिशच्या डेलेची प्रमाणपत्रं कायमची असतात. इंग्रजीच्या टोफेल आणि आयएल्ट्सचे गुण दोनच वर्षं धरले जातात. ते पंधराव्या वर्षी मिळवून ठेवले, तर विद्यापीठाच्या प्रवेशाच्या वेळी त्यांचा उपयोग शून्य. शिवाय काही विद्यापीठं कायमच्या प्रमाणपत्रालाही ‘अलीकडचं’ असण्याची अट घालतात. तेव्हा प्रवेशाच्या तारखेपासून मागे मोजत यावं, निकालाला लागणारे आठवडे धरून.

आणि मुलाला विचारावं. ज्या भाषेत आजी गोष्ट सांगते, त्याच भाषेत ‘अनुत्तीर्ण’ असा कागद तेराव्या वर्षी हातात पडला, तर काही मुलं घरात ती भाषा बोलायचीच बंद करतात. मी हे पाहिलेलं आहे, आणि ती मुलं पुन्हा बोलती करायला फार वेळ लागतो. परीक्षा पुढच्या सत्रातही देता येते.

आपल्या शिक्षणविषयक पुरवणीत अशा परीक्षांत यशस्वी झालेल्या मुलांची छायाचित्रं येतात, त्यांचं कौतुक व्हायलाच हवं. त्यासोबत सी-१चे नमुना प्रश्न मराठीत समजावून छापता आले, तर पालकांना घरीच अंदाज घेता येईल. फ्रेंचपुरतं ते लिहून द्यायला मी आनंदाने तयार आहे.

आपली,
एक फ्रेंच शिक्षिका