तीन काळ, एकच जोडी

महोदय,

वेगवेगळ्या काळांतल्या प्रेमकथा एका चित्रपटात गुंफताना कपडेपट सांभाळला जातो, पण पात्रं बोलतात आजच्यासारखी. तैवानचे दिग्दर्शक हौ श्याओ-श्येन यांनी ‘थ्री टाइम्स’मध्ये (२००५) यावर नामी तोड काढली. शू ची आणि चांग चेन या कलाकारांची एकच जोडी १९६६, १९११ आणि २००५ अशा उलटसुलट क्रमाने भेटते. १९११ची बोली कलाकारांना सफाईने जमणारी नव्हती. म्हणून त्या कथेतले संवाद मूकपटासारखे पाट्यांवर येतात, आणि तीच कथा सर्वाधिक बोलते! १९६६मध्ये पत्रं, २००५मध्ये मोबाइलवरचे संदेश. एकच खटकतं: १९६६च्या कथेत वाजणारं ‘रेन अँड टिअर्स’ १९६८चं आहे. कालपट करणाऱ्यांनी गाण्याचं सालही तपासावं.

— एक चित्रपटप्रेमी, पुणे