मूठ उतरव, पण गंज राहू दे

तोक्यो, रविवार रात्र

प्रिय मिल्या,

फोटो मिळाले. वाटण्यांत तुझ्या पदरात जमिनीऐवजी आजोबांची जपानी तलवार पडली म्हणून वहिनी वैतागल्या असतील, पण मी इथे बसून जळतोय. आधी एक तंबी. मूठ उतरवलीस की आत पात्याचा गंजलेला दांडा दिसेल, त्याला इथे नाकागो म्हणतात. त्याला पितांबरी, चिंच, पॉलिश पेपर, काही म्हणजे काही लावायचं नाही. वय बघायचं ते त्या गंजावरूनच, आणि एकदा घासला की तो गेलाच.

मुठीवर चेरीची फुलं, म्यान पत्र्याचं, म्हणजे साज १९३४ नंतरचा, लष्करी. एवढ्यावरून ‘कारखान्यातला माल’ म्हणून नाक मुरडू नकोस. कित्येक अधिकाऱ्यांनी घरातल्या पिढीजात पात्यावरच हा साज चढवून घेतला होता. खालच्या हुद्देदारांना मिळायची ती १९३५ च्या नमुन्याची, यंत्रावर बनलेली. तिच्या मुठीची वीण ओतीव धातूची, वरून रंगवलेली असते आणि मुठीजवळ पात्यावर नंबर ठोकलेला असतो. तुझ्या फोटोत वीण खऱ्या फितीची आहे, फटींतून माशाच्या कातडीचे पांढरे दाणे दिसतात. म्हणजे अधिकाऱ्याची. १९४५ च्या शरणागतीत जपानी अधिकाऱ्यांनी तलवारी खाली ठेवल्याच पाहिजेत असा माउंटबॅटनचा हट्ट होता. मराठा पलटणीतल्या आजोबांकडे ब्रह्मदेशात ती तशीच आली असावी. म्यानाला किंवा मुठीला जुनी चिठ्ठी बांधलेली असेल तर सांभाळ, तीवर मूळ मालकाचं नाव असू शकतं.

आता मूठ. तिच्यात बांबूची निमुळती खुंटी असते, ती बारीक बाजूने लाकडी काडीने ढकल. पातं उभं, किंचित तिरपं धर, धार बाहेरच्या बाजूला. डाव्या हाताने मुठीचं टोक घट्ट पकड आणि त्याच मनगटावर उजव्या मुठीने ठोक. पातं आपोआप सुटेल. पोरांना मात्र आधी खोलीबाहेर काढ.

नाकागोवरचा जुना गंज काळपट तपकिरी, घट्ट बसलेला असतो. नारिंगी, भुकटीसारखा असेल तर शंका घे. दांड्यावर कानशीच्या रेघा शिस्तीत आहेत का बघ. नकली मालात तो ओबडधोबड असतो आणि अक्षरं छिन्नीने ठोकलेली नसून खरवडल्यासारखी दिसतात. छोट्या गोलातला शिक्का म्हणजे बहुधा युद्धकाळातलं पातं, पारंपरिक पद्धतीने न घडवलेलं. चांदणीचा शिक्का असेल तर सैन्याने मान्यता दिलेल्या लोहाराचं, ते बहुतेक वेळा हाताने घडवलेलं.

नाकागोवरच्या लोहाराच्या सहीवर मात्र माझा सगळ्यात कमी भरवसा आहे. सतराव्या शतकातल्या कोतेत्सू या लोहाराच्या नावाने तर ढिगाने खोट्या सह्या झाल्यात, आणि मासामुने या नामांकित लोहाराने स्वतः क्वचितच सही केली. सही खोटी आणि पातं उत्तम, असंही सर्रास असतं. त्यामुळे नाव वाचून हुरळू नकोस.

खरी परीक्षा धारेजवळच्या पांढुरक्या रेषेची, हामोनची. खोलीत एकच दिवा ठेव, टोक दिव्याकडे कर आणि पात्याच्या लांबीवरून नजर टाक. मातीचा लेप देऊन पाणी दिलेल्या पात्यात ती रेषा धुक्यासारखी दिसते, तिच्यात बारीक चमकते कण असतात आणि टोकाशी ती वळून पाठीकडे जाते. आम्लाने उमटवलेली रेषा सपाट करडी, निर्जीव असते, पोलादावर नुसती चिकटवल्यागत.

इथे १९४८ पासून पारंपरिक तलवारी तपासून दाखला देणारी संस्था आहे, तिचं संग्रहालय २०१८ पासून र्‍योगोकूमध्ये. पण उत्साहाच्या भरात तलवार इकडे पाठवू नकोस! पारंपरिक पद्धतीने न घडलेल्या पात्याची जपानात नोंदणीच होत नाही, ते जप्त व्हायचं. तू फोटोच पाठव: नाकागो दोन्ही बाजूंनी, टोक, आणि पात्याच्या पाठीवरच्या खाचेपासून टोकापर्यंतची सरळ लांबी, वक्रावरून मोजू नकोस. साठ सेंटिमीटरच्या थोडी वर असेल तर इथे ती पूर्ण तलवार, खाली असेल तर आखूड वाकिझाशी.

तोवर पात्याला बोटं लावू नकोस, घामाचे डाग पडतात. मऊ कापडाने शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात दे. आणि आजोबांच्या ट्रंकेत परवान्याचे कागद आहेत का तेही शोध, नसतील तर पोलीस ठाण्यात विचारून घे.

काकूंना नमस्कार. वहिनींना सांग, विकायचा विषय फोटो येईपर्यंत काढायचा नाही.

तुझा,
सुहास