ढेमशीला न्यायला येशील तेव्हा

चि. बेटा,
अनेक आशीर्वाद.

सोयाबीन घरी आलं. परवा कपाशीत सीतादहीची पूजा केली, सोमवारपासून वेचणी लागेल. आजीचे टोंगळे दुखतात, बाकी सगळे बरे आहोत. फोनवर तू म्हणालीस की दिवाळीला येते आणि ढेमशीला पुण्याला घेऊन जाते. मी तेव्हा नुसतं ‘बरं’ म्हणालो. फोनवर मला मनातलं सांगता येत नाही, म्हणून लिहायला बसलो.

मार्चमध्ये पंधरा दिवसांसाठी म्हणून तू तुझ्या या पग कुत्रीला सोडून गेलीस. तू ठेवलेलं नाव आजीच्या तोंडात बसेना, म्हणून तिची ढेमशी झाली. गावातली मोठी माणसं अजून ‘हचवाला कुत्रा’ म्हणतात. हच मोबाइल कंपनीची ती जाहिरात 2003 ची, तू तेव्हा लहान होतीस. त्यातला पग पोराच्या मागे मागे चालत राहतो. आता वाटतं, त्या कुत्र्याला तेवढं तरी शिकवावं लागलं नसेल.

आपला मोत्या गावठी. रात्री कोठ्याभोवती चार चकरा मारायच्या आणि दिवसा निंबाखाली झोपायचं, हे त्याचं ठरलेलं आहे. मी दोन दिवस घरी नसलो तरी त्याचं अडत नाही. ढेमशीचं तसं नाही. शिकार, राखण, मेंढरं वळणं यातलं काहीच तिच्या जातीकडून कधी कोणी मागितलं नाही. चीनच्या राजवाड्यांत ही कुत्री माणसाच्या सोबतीसाठीच वाढवली, सोळाव्या शतकात व्यापाऱ्यांच्या जहाजांतून ती युरोपात गेली, तिथेही मांडीवरच बसली. माणूस हेच तिचं काम आहे. मी पेपर वाचतो तेव्हा ती माझ्या डाव्या पावलावर बसते, शेजारी नाही, पावलावरच. पाय सुन्न होतो, पण हलवावासा वाटत नाही. आई दूध काढायला उठली की ती कोठ्याच्या दारात; आजी आडवी झाली की आजीच्या खाटेखाली. घरात कोण कुठे आहे हे मला तिच्याकडे बघून कळतं.

आता जे सांगतो ते तुला तेव्हा सांगितलं नव्हतं. नवतपा, मेअखेरचे ते नऊ तापते दिवस, लागला होता. सकाळचे साडेआठच वाजले होते, म्हणून मी तिला वावरात नेलं. येताना ती धुऱ्यावर बसली ती उठेचना. भात्यासारखा श्वास चालला होता, घशातून घरघर येत होती, जीभ निळसर पडली होती. कॅनमधलं सगळं पाणी तिच्या अंगावर ओतलं, दुपट्टा ओला करून पोटाखाली घातला आणि दवाखान्यातल्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, “आधी तिथंच भिजवा, वारा घाला, मग घेऊन या.” त्या अर्ध्या तासात मी काय काय बोललो देवाशी, ते मलाच माहीत.

डॉक्टरांनी नंतर समजावलं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकून जिभेवरची आणि नाकातली ओल उडते, त्यानेच अंग थंड होतं. लांब नाकाच्या मोत्याला ते जमतं. हिचं नाक दाबून सपाट केलेलं, आत टाळूचा मऊ भाग मात्र लांब, तोच श्वासाच्या वाटेत येतो. तिच्या घोरण्याला आपण कौतुकाने हसत होतो बेटा. ती श्वासाची ओढाताण आहे. त्या दिवसापासून उन्हाळाभर ती पहाटे पाचला अंगणात आणि दिवसा कूलरपुढे, माजघरात. गळ्याचा पट्टाही काढला, छातीचा घातला.

तोंडाच्या घड्या मी रोज रात्री पुसतो. नाकावरच्या घडीत बोट घातलं की आत ओल आणि आंबूस वास लागतो. ओल्या मऊ फडक्याने एकदा, मग कोरड्याने एकदा. कोरडं करणंच जास्त महत्त्वाचं, ओल राहिली की लाल होतं. पुसताना ती डोळे मिटून हनुवटी माझ्या टोंगळ्यावर टेकवते. डोळे बाहेर आलेले असतात तिचे. कुटाराची काडी लागली तरी जखम होते, म्हणून कुटार भरायच्या दिवशी तिला घरात कोंडतो. कोठ्यामुळे गोचीड लागतात, बोटांच्या बेचक्यात आणि कानामागे रोज बघावं लागतं.

खाण्यात आम्ही चुकलो. पोळी मागते म्हणून सगळ्यांनीच दिली आणि जूनमध्ये दुकानाच्या काट्यावर ती नऊ किलो भरली. आता साडेसात आहे, बरगड्या हाताला लागतात. फराळाच्या वेळी लक्ष ठेव; मनुके, कांदा, चॉकलेट तिला विष आहे.

तू पिल्लांचा विषय काढला होतास. माझं मत नाही. यांच्या पिल्लांची डोकी मोठी, पुष्कळदा पोट फाडूनच बाळंतपण करावं लागतं. लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजचा 2022 चा अभ्यास डॉक्टरांनी मोबाइलवर दाखवला. श्वास अडण्याचा हा विकार पगांत इतर कुत्र्यांच्या सुमारे 54 पट आढळला. धुऱ्यावर जे पाहिलं ते मी आणखी चार जिवांच्या वाट्याला देणार नाही.

राहिलं पुण्याचं. तू सकाळी नऊला निघतेस, रात्री आठला येतेस. अकरा तास बंद फ्लॅटमध्ये ती काय करेल? दाराशी बसून राहील. इकडे उन्हाळा तिचा जीव घेईल, तिकडे एकटेपणा. म्हणून मी असं म्हणतो: दिवाळीला नेऊ नकोस. मार्च लागला की मी स्वतः आणून सोडतो, रात्रीच्या गाडीने. मृगाचा पाऊस पडेपर्यंत तिथे ठेव. ते तीन महिने घरून काम करायची परवानगी मिळते का, आत्तापासून बघ. तुझी आईही महिनाभर येऊन राहील म्हणते.

छातीचा पट्टा शिवणीत उसवला आहे. येताना नवा आण. आईने टेपने मोजलं, छाती वीस इंच. रुंद आणि मऊ बघ, काखेत काचणार नाही असा.

तुझा,
बाबा